केळापूरचा बिनपाण्याचा संडास

माणसं पासष्टीच्या पुढे गेली, की त्यांना एकत्र आणणं मायेवर अवलंबून राहत नाही, संडासावर राहतं. हे मत यवतमाळच्या यज्ञेश्वरराव मुळावकरांचं, आणि या विषयावर मत देण्याचा त्यांच्याइतका अधिकार जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला नसावा. त्यांनी उभा जन्म पॅथॉलॉजी लॅब चालवली. निम्मं यवतमाळ सकाळी सकाळी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एकेक डबी घेऊन त्यांच्या दारात यायचं आणि नजर चुकवत म्हणायचं, "ते आणलंय." यज्ञेश्वरराव मान वर न करता म्हणायचे, "ठेवा." गावातल्या नामांकित वकिलांशी आणि प्राध्यापकांशी त्यांचं आयुष्यभराचं संभाषण एवढंच.

लॅब बंद केली तेव्हा त्यांना वाटलं, चला, हा विषय संपला. पण मग पद्मजाबाईंना हुरडा आठवला.

पद्मजाबाईंचं माहेर पांढरकवड्याचं. त्यांचे वडील, तात्या, कोर्टात नोकरीला होते आणि केळापूरच्या शिवारात त्यांचं थोडं शेत होतं. दरवर्षी थंडी पडली, की एखाद्या रविवारी तात्या कुणाची तरी दमणी मागून आणायचे आणि दोन बैलांच्या त्या छोट्या गाडीत आईला आणि चार भावंडांना कोंबून हुरड्याला न्यायचे. मोठी कुमुदताई, मग नाना, मग पद्मजा, आणि मांडीवर धाकटी निर्मल. पुढे ताई अमरावतीला गेल्या, नाना नागपूरला इंजिनिअर झाले, निर्मल उमरखेडला दिली. चौघं आता लग्नात भेटत, नाहीतर तेराव्याला. आणि लग्नं संपत आली होती.

"यंदा सगळ्यांना शेतावर बोलवू या," पद्मजाबाई दसऱ्याच्या दिवशी म्हणाल्या. "सगळे आहेत तोवर."

या शेवटच्या तीन शब्दांना नवरा नावाच्या प्राण्याकडे उत्तर नसतं.

शेताचा एक तुकडा पद्मजाबाईंच्या वाट्याला आला होता. तो शेजारचा घनश्याम मक्त्यानं वाहायचा. गेल्या वर्षी मुलानं, म्हणजे बेंगळुरूच्या सलीलनं, तिथं दोन खोल्यांची लाकडी केबिन उभी करून दिली होती. 'सुट्टीत येऊन शांत राहता येईल' असं तो म्हणाला, एकदा येऊन शांत राहिला आणि परत गेला. तेव्हा ओटा होता, छप्पर होतं, विहीर होती. हुरड्याला आणखी काय लागतं?

काय लागतं ते फोनवर कळलं. नानांनी विचारलं, "येतो गं पद्मा, नक्की येतो. पण तिकडची व्यवस्था काय आहे?" निर्मलनं विचारलं, "ताई, तिथं ते सगळं आहे ना?" आणि कुमुदताई, ज्या दुधाची पिशवी साबणानं धुतल्याशिवाय फ्रिजमध्ये ठेवत नाहीत आणि बाहेरून आल्यावर स्वतःच्या चपलांना अंगणात आंघोळ घालतात, त्या नुसत्या म्हणाल्या, "माझी काही काळजी करू नकोस. मी आदल्या दिवसापासून पाणी पिणार नाही."

मराठीत या एका गोष्टीला इतकी नावं आहेत, पण त्यातलं एकही नाव फोनवर घेता येत नाही, हे यज्ञेश्वररावांच्या तेव्हा लक्षात आलं.

संडास नव्हता असं नाही, पण तो फुटला होता. काळ्या जमिनीचा स्वभाव जरा मानी असतो. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात रुसून भेगाळते, आणि तिच्या पोटात जे काही बांधाल त्याला स्वतःबरोबर ओढते. गवंड्यानं बांधलेली सेप्टिक टाकी पहिल्याच उन्हाळ्यात उभी चिरली होती. खाली उताराला विहीर. त्यामुळे पुन्हा टाकी बांधायला पद्मजाबाईंचा ठाम नकार होता. सलीलला हे कळलं तेव्हा त्यानं एक भलंमोठं खोकं पाठवून दिलं. आत पाणी न लागणारा संडास होता. बसायला पांढरी शुभ्र बैठक, तिच्या पोटात दोन कप्पे, पुढचा पातळासाठी आणि मागचा दुसऱ्यासाठी. मागच्याखाली एक डबा, वर छपरातून जाणारी नळी, नळीच्या टोकाला उन्हावर चालणारा पंखा. प्रत्येक वेळी वरून मूठभर लाकडाचा भुसा टाकायचा. काही महिन्यांनी म्हणे उत्तम खत.

सलीलनं व्हिडिओ कॉलवरून सगळं जोडून घेतलं आणि शेवटी सांगितलं, "बाबा, एकच लक्षात ठेवा. मागच्या कप्प्यात पाण्याचा थेंब जाता कामा नये."

"मग धुवायचं कुठं?"

सलीलनं व्हिडिओ पुढे-मागे करून पाहिला. "व्हिडिओत ते दाखवलेलं नाही."

"व्हिडिओ कुठला आहे?"

"स्वीडनचा."

मागून सूनबाईचा, गुंजनचा आवाज आला, "बाबा, कागद ठेवा ना तिथं."

"कुमुदताईंच्या हातात मी कागद देऊ?" यज्ञेश्वररावांनी विचारलं. कागदाचा विषय तिथंच संपला, कारण कुमुदताईंना दोघंही ओळखत होती.

शेवटी यज्ञेश्वररावांनी स्वतःच्या बुद्धीनं तोडगा काढला. बैठकीच्या बाजूला एक बुटका ओटा बांधून घेतला, त्यावर नळ, आणि ते पाणी बाहेर कर्दळीच्या वाफ्यात सोडलं. म्हणजे आधी इथं बसायचं आणि मग तिथं सरकायचं. ओटा बघायला घनश्याम आणि त्याची बायको कोकिळा आली. घनश्यामनं दोन्ही जागा नीट न्याहाळल्या.

"म्हंजे काका, आंधी इथं बसाचं, मंग तिथं सरकाचं?"

"हो."

"अन् मधात कोनी आलं तं?"

"दार आहे ना घनश्याम."

"हो जी. दार हाय म्हना." तो समाधानानं म्हणाला, पण कोकिळेनं पदर तोंडाला लावला, आणि ते यज्ञेश्वररावांनी पाहिलं.

दर शनिवारी-रविवारी नवरा-बायको यवतमाळहून येऊन राहू लागले. वरकरणी कारण हवापालट, खरं कारण चाचणी. पहिल्या खेपेला सगळं छान झालं. दुसऱ्या खेपेला यज्ञेश्वररावांनी केबिनचं दार उघडलं आणि बंद केलं. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात कामाच्या टेबलावर नाक मुरडलं नव्हतं, तो माणूस लिंबाच्या झाडाखाली जाऊन उभा राहिला.

"काहून काका, बाहीरच हाये?" घनश्यामनं बांधावरून विचारलं.

"हवा घेतोय."

"इकडं पन येऊन राह्यली ते हवा," घनश्याम म्हणाला.

वास ही लपवून ठेवायची गोष्ट नाही, त्यामुळे सल्लेही लगेच सुरू झाले. घनश्याम म्हणाला, राख टाका. कोकिळा म्हणाली, राखेनं काय होते, चुना टाका. यवतमाळला सकाळच्या फिरण्यात एक निवृत्त प्राध्यापक भेटायचे, त्यांनी आंबट ताक आणि गूळ सांगितला. "जिवाणूंना आमंत्रण द्या मुळावकर, जबरदस्ती करू नका." किराणा दुकानदारानं काही न विचारता फिनेलची बाटली पुढे केली. यज्ञेश्वररावांचा स्वभाव कुणाचं मन न मोडण्याचा. त्यांनी राख टाकली, चुना टाकला, ताक-गूळ घातला आणि वरून थोडं फिनेल शिंपडलं. म्हणजे जिवाणूंना आमंत्रण देऊन दारातच मारलं.

पद्मजाबाई केबिनसमोरच्या ओट्यावर बसून हे सगळं बघत होत्या. "अहो," त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही संडास दुरुस्त करून राहिले की लोणचं घालून राहिले?"

पुढच्या शनिवारी माश्या आल्या. त्या गुळाला आल्या होत्या आणि मग जागा आवडली म्हणून राहिल्या.

सलीलनं फोनवर लक्षणं ऐकून घेतली आणि डॉक्टरी आवाजात निदान केलं. "ओल जास्त झालीये. कोरडं वाढवा. भुसा भरपूर टाका. ते मिश्रण कसं पाहिजे माहितीये, पिळलेल्या स्पंजसारखं."

"ते हातात घेऊन पाहायचं का?"

"बाबा, तुम्हाला काय त्याचं?" सलील म्हणाला. बोलण्यात वाईट हेतू नव्हता, पण यज्ञेश्वररावांना ते लागलं. सगळ्यांना वाटतं, या माणसाला काय त्याचं. यज्ञेश्वररावांच्या स्वतःच्या लग्नाच्या पंगतीत नाना म्हणाले होते, "आमचे जावईबापू साऱ्या गावाचं आतलं ओळखतात." आणि तेव्हापासून प्रत्येक कार्यात तो विनोद नव्या पाहुण्यांना ऐकवला जात होता. यज्ञेश्वरराव प्रत्येक वेळी हसले होते. आता त्याच नानांना त्यांच्याच संडासात बसवायचं होतं. तिथं जर वास आला, तर विनोद पुढच्या पिढीकडे जाणार होता.

भुशासाठी ते पांढरकवड्याच्या आरा गिरणीत गेले. गिरणीवाल्यानं आनंदानं पोतं भरून दिलं. पोतं गाडीच्या डिकीत टाकून ते शेताकडे निघाले, तर वाटेत जंगलखात्याच्या नाक्यावर शिपायानं हात केला. डिकी उघडली. पोत्यात हात घालून त्यानं चिमूटभर भुसा काढला, नाकाशी नेला.

"सागाचा हाय."

"असेल," यज्ञेश्वरराव म्हणाले.

"मंग लाकूड कुठी हाय?"

"लाकूड माझ्याकडं नाही. नुसता भुसा आहे."

"लाकडाबिगर भुसा कसा पडन साहेब?"

या प्रश्नात एक न्याय होता, आणि तो यज्ञेश्वररावांनाही पटला. शिपायानं त्यांना पळसाच्या झाडाखालच्या बाकावर बसवलं आणि साहेब येईपर्यंत थांबायला सांगितलं. येणारा-जाणारा प्रत्येक जण डिकीकडे बघायचा, मग त्यांच्याकडे. सागाची चोरी करणारी माणसं टोपी आणि स्वेटर घालून, गुडघ्यावर हात ठेवून बसतात, असं त्या रस्त्यावरच्या लोकांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असेल.

साहेब आले. त्यांनी यज्ञेश्वररावांकडे निरखून पाहिलं. "तुम्ही लॅबवाले मुळावकर ना? माझ्या वडिलांचं सगळं तुमच्याचकडे तपासायचो आम्ही." मग भुशाकडे वळून, "हे कशाला?"

यज्ञेश्वररावांनी सांगितलं. खरं बोलणं भाग होतं. साहेब ऐकत होते, शिपाई ऐकत होता, बाकाच्या मागं सायकल धरून उभा असलेला एक अनोळखी माणूसही ऐकत होता.

"सोड रे यांना," साहेब हळव्या आवाजात शिपायाला म्हणाले. "रिटायर होऊनही माणूस त्याच कामात आहे."

एवढं सोसून आणलेला भुसा डब्यात पडला. वास थोडा कमी झाला, पण पुढचं काही घडेना. खत होण्याचं लक्षण नाही. आठवडे गेले तरी जे जसं टाकलं ते तसंच, सागवानी सुगंधात जपून ठेवलेलं. जणू संग्रहालय. हुरड्याची तारीख जवळ येत चालली. घनश्यामनं मुद्दाम पेरलेली ज्वारी दाण्यात भरू लागली, रानडुकरांसाठी त्यानं भोवती जुन्या साड्यांचं कुंपण केलं. नानांचा फोन आला, "मग, व्यवस्था झाली का?" यज्ञेश्वरराव म्हणाले, "झाल्यासारखीच आहे."

त्या रात्री जेवण झाल्यावर ते काही न बोलता माळ्यावर चढले आणि टॉवेलात गुंडाळलेला जुना मायक्रोस्कोप खाली घेऊन आले. लॅब बंद झाल्यापासून तो उघडला नव्हता. भिंगावर फुंकर मारताना त्यांना एकदम जुन्या खोलीचा वास आला. स्पिरिटचा, ओल्या कापसाचा, आणि खाली हॉटेलात तळल्या जाणाऱ्या आलूबोंड्यांचा. सकाळची उन्हाची तिरीप टेबलावर पडायची तेव्हा ते पहिली काच लावायचे. बाहेर बाकावर माणसं वाट बघत. आतमध्ये त्या गोल उजेडात ते एकटे. कुणाला जंत निघायचे, कुणाला आव, आणि कधी कधी एखाद्या काळजीनं पिवळ्या पडलेल्या आईच्या पोराचं काहीच निघायचं नाही, तेव्हा ते स्वतः बाहेर येऊन सांगायचे, "काही नाही, घरी न्या." ती बाई त्यांच्याकडे ज्या नजरेनं बघायची, ती नजर वकिलांच्या वाट्याला येत नसेल.

पुढच्या शनिवारी मायक्रोस्कोप केळापूरला गेला. यज्ञेश्वररावांनी खिडकीजवळ टेबल मांडलं. एका काचेवर डब्यातला नमुना घेतला. दुसऱ्या काचेवर घनश्यामच्या उकिरड्यातला, जिथं तो सोयाबीनचं कुटार टाकायचा. मळणीनंतर उरलेला तो भुसा कुणी ढोरांना घालतं, कुणी टाकून देतं. पहिली काच बघितली. ओसाड. एखाददुसरं काही वळवळत होतं, तेही निघण्याच्या बेतात. दुसरी काच लावली आणि यज्ञेश्वरराव खुर्चीत सरसावून बसले.

"पद्मजा," त्यांनी हाक मारली. "जरा इकडं ये."

पद्मजाबाई पोळ्या टाकून आल्या. संसाराच्या एवढ्या वर्षांत त्यांनी नवऱ्याच्या त्या यंत्राला कधी डोळा लावला नव्हता. घरी येताना आधी हात धुवा, एवढाच त्यांचा त्या यंत्राशी संबंध. आज त्या वाकल्या. बराच वेळ वाकून राहिल्या.

"हे सगळं जिवंत आहे?"

"हो."

"किती धावपळ चाललीय हो त्यांची." त्या तशाच वाकून म्हणाल्या, "तुम्ही रोज हे बघायचे?"

"रोज."

"मला कधी सांगितलं नाही."

"तू म्हणायची, जेवताना नको."

पद्मजाबाई हसल्या, पण डोळा लगेच काढला नाही. तव्यावरची पोळी करपली.

मग घनश्यामशी बोलताना उलगडा झाला. सागाला वाळवी लागत नाही म्हणून तर माणसं त्याची दारं करतात. जे लाकूड वाळवीला दाद देत नाही, त्याचा भुसा या बिचाऱ्या जिवांना काय दाद देणार? वरून चुना आणि फिनेल. "आपन त्याईले उपाशी मारलं काका," घनश्याम म्हणाला, "अन् आपल्याले दोघाइलेबी समजलं नाई." दोघांनी मिळून बांधाच्या कडेला, विहिरीपासून लांब, खड्डा करून डबा रिकामा केला. नव्यानं तळाला कुटार घातलं, त्यात उकिरड्यातली दोन घमेली माती विरजणासारखी कालवली. आता प्रत्येक वेळी मूठभर कुटार. पुढच्या आठवड्यात डबा हाताला कोमट लागला. त्याच्या पुढच्या आठवड्यात यज्ञेश्वररावांनी संडासाचं दार उघडलं, डोळे मिटले आणि खोल श्वास घेतला. पाऊस पडून गेल्यावर शेताला येतो तसा वास होता. ते पुन्हा बाहेर आले, पुन्हा आत गेले. खात्री होईना.

हुरड्याच्या दिवशी सकाळी वानरांचा कळप छपरावर नाचला आणि नळी कलंडली. पंखा छपरावरच लोळत होता. घनश्याम हुरड्यासाठी गोवऱ्या आणायला गेलेला. यज्ञेश्वरराव शिडी लावून वर चढले, नळी सरळ केली, पंखा टोकाला बसवून तारेनं आवळली, आणि उतरायला वळले तर शिडी घसरून आडवी झाली होती. ते पत्र्यावर उकिडवे बसून राहिले. नेमक्या त्याच वेळी नानांची गाडी बांधापाशी येऊन थांबली. आदल्या दिवशीच नागपूरला येऊन राहिलेल्या कुमुदताई मागच्या दारातून उतरल्या. निर्मल एसटीनं आधीच पांढरकवड्याला येऊन त्यांच्याच गाडीत बसली होती.

नानांनी कपाळावर हात धरून वर पाहिलं. "जावईबापू, वर कसे?"

"तुमची वाटच बघत होतो," यज्ञेश्वरराव म्हणाले. त्या परिस्थितीत याहून मानाचं उत्तर देता आलं नसतं.

घनश्याम आल्यावर ते खाली उतरले. तोवर कोकिळेनं आगटी पेटवली होती. गोवऱ्यांचा निखारा झाला, कणसं राखेत गेली, आणि भावंडं आगटीभोवती बसली. तेव्हा सगळ्यांचे चेहरे एकदम लहान झाले. निर्मल मऊ कणसांवर हक्क सांगू लागली. नाना हातावर कणीस चोळताना चटका बसून "हाय हाय" करू लागले. कोकिळेची चटणी, वांग्याची भाजी, रोडगे. नागपूरचा रक्तदाब आणि अमरावतीची साखर दोन्ही तुरीच्या शेतात पळून गेली.

यज्ञेश्वरराव मात्र खाईनात. त्यांचं लक्ष केबिनच्या मागच्या दाराकडे होतं. कुणीच तिकडे जाईना. त्यांनी दोनतीनदा सुचवून पाहिलं, "मागे सगळी सोय आहे हं," तेव्हा सगळे घाईनं "हो हो" म्हणाले आणि विषय बदलला. थोड्या वेळानं नानांना एकाएकी पान खायची इच्छा झाली. ते गाडी घेऊन पांढरकवड्याला गेले आणि बराच वेळ लावून, अतिशय हलक्या चेहऱ्यानं परत आले. पान आणायचं विसरले होते.

दुपार कलली. कुमुदताई मघापासून बोलेनाशा झाल्या होत्या. शेवटी त्या पद्मजाबाईंच्या कानाशी लागल्या. पद्मजाबाईंनी त्यांना हाताला धरून मागे नेलं, इथं बसायचं, तिथं सरकायचं, मूठभर कुटार टाकायचं, असं सगळं दाखवलं आणि दार ओढून घेतलं. यज्ञेश्वरराव लांब लिंबाखाली पाठ करून उभे राहिले. निकालाची वाट बघणाऱ्या विद्यार्थ्यासारखे.

आतून नळाचा आवाज आला, थांबला. मग कडी वाजली. पुन्हा वाजली. मग कुमुदताईंचा आवाज, अगदी शांत. "पद्मा, हे दार उघडत नाही."

जमीन सुकून चौकट तिरपी झाली होती आणि कडी खाचेत रुतून बसली होती. नानांनी इंजिनिअरच्या अधिकारानं दाराला खांदा लावला. दार हललं नाही, नानांचा खांदा हलला. घनश्याम म्हणाला, तोडू नका जी, मी केळापूरच्या सुताराले आनतो, आणि मोटरसायकलीवर निघाला.

"ताई, घाबरू नकोस," निर्मल दाराशी तोंड नेऊन म्हणाली.

"मी कशाला घाबरू? मी झाकणावर बसलेय. तुम्हीच उभे राहू नका, पाय दुखतील."

म्हणून मग खुर्च्या आल्या, बाज आली. भावंडं संडासाच्या दाराशी अर्धवर्तुळात बसली. ताईला एकटीला टाकून आगटीशी जायचं कसं? कोकिळेनं गरम कणसं तिथंच आणून दिली. यज्ञेश्वररावांनी बाजेच्या कोपऱ्यावर टेकत हळूच नाक पुढे केलं. कुटार, कर्दळ आणि धूर. बाकी काही नाही. पण आता कुणाला त्याचं काही नव्हतं. गप्पा सुरू झाल्या होत्या.

दमणीची आठवण निघाली. मोठा बैल नाल्यात बसला तो दिवस. तात्यांचा पगडीसारखा बांधलेला मफलर. नाना सांगत होते, ताई आतून दुरुस्त्या करत होत्या. "नाल्यात नव्हे रे, चढावर बसला." "तेव्हा निर्मल जन्मलीच नव्हती." भिंतीआडून येणारा तो आवाज जरा वेगळा वाटत होता, जसा लहानपणी अंधारात शेजारच्या अंथरुणातून यायचा.

"आईला मात्र हुरडा आवडायचा नाही," नाना म्हणाले. "सगळ्यांना भाजून, चोळून द्यायची. स्वतः दाणा तोंडात घालायची नाही."

आतून मग कुमुदताई म्हणाल्या, "आवडायचा."

नानांनी मान दाराकडे वळवली.

"आपण सहा जण. चोळून होईतो पुढचा हात यायचा. तिच्यापर्यंत गरम कधी पोचलाच नाही. येताना दमणीत मी तिच्याजवळ मागं बसायचे. तुम्ही झोपलेले असायचे. ती पदराची गाठ सोडायची आणि गार झालेला मूठभर हुरडा हळूहळू खायची. मला म्हणाली, कुणाला सांगू नकोस गं, नाहीतर हे पुढच्या वेळी माझ्यासाठी थांबतील आणि पोरांचा गार होईल." मग ताईंचा आवाज आणखी खाली आला. "तोंडावर सांगायचं तर मला आत्तासुद्धा जमलं नसतं. बरं झालं, दार बंद आहे."

 निर्मलनं डोळ्यांना पदर लावला. पद्मजाबाई जमिनीकडे बघत राहिल्या. मग नाना उठले. त्यांनी कोकिळेच्या सुपातून एक कणीस घेतलं, तळहातावर चोळलं, चटका बसला तरी चोळत राहिले, फुंकर मारून कोंडा उडवला, आणि भिंतीतल्या छोट्या खिडकीशी हात वर केला.

"ताई, घे. गरम आहे."

पद्मजाबाईंनी चटकन नवऱ्याकडे पाहिलं. दुधाची पिशवी धुणारी ताई. संडासाच्या आत. 

खिडकीतून एक सुरकुतलेला हात बाहेर आला, हिरव्या बांगड्यांच्या जागी एकच पातळ सोन्याची बांगडी असलेला. नानांनी ओंजळ त्या हातात रिकामी केली. हात आत गेला. बाहेर सगळे भिंतीकडे कान लावून होते. लिंबावर होला घुमत होता.

थोड्या वेळानं आतून आवाज आला, "चटणी आहे का रे?"

ती आणायला यज्ञेश्वरराव स्वतः उठले.